शब्दांगण : 'डिअर' आणि मृग

प्रश्न : जुन्या इंग्रजीत 'डिअर' म्हणजे फक्त हरीण नव्हे, कुठलंही जनावर, हे खरं का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : अगदी खरं. तेव्हाचं रूप 'देओर', म्हणजे रानातलं कुठलंही जनावर. शिकारीत हरणाला मोठा मान, म्हणून बहुधा शब्द त्याच्यावर येऊन थांबला. जर्मन 'टीअर' म्हणजे आजही कुठलाही प्राणी.

आणि आपला 'मृग'? तोही तस्साच! म्हणून तर सिंह मृगेंद्र, माकड शाखामृग आणि शिकार म्हणजे मृगया. मला हे साम्य फार आवडतं. परवा भात पेरताना नातीच्या तळहातावर लालभडक, मखमली मृगाचा किडा ठेवला. "आजोबा, हा कसला मृग?" किड्याला नाव नक्षत्राचं, आणि मृगशीर्ष म्हणजे हरणाचं डोकं, असं बांधावर बसूनच तिला सांगितलं.