वेगळा टेस्ट सर्व्हर नसताना सर्व्हर मॅनेजमेंट सॉफ्टवेअरची अपडेट्स कशी तपासावीत आणि मंजूर कुणी करावीत?

तुम्ही लिहिलंय की निपाणीतल्या एका सोसायटीचे आठ लिनक्स सर्व्हर तुम्ही एकटेच वेबमिनवरून, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर चालवायच्या पॅनेलवरून, सांभाळता. अपडेट आल्याची सूचना सारखी दिसते, सेक्रेटरी म्हणतात ‘चालतंय ते चालू दे’, आणि टेस्टिंगसाठी वेगळं मशीन घ्यायला पैसे मिळत नाहीत. मग तपासायचं कुठं आणि मंजूर कुणी करायचं?

मी बेळगावात हेच काम बारा वर्षं करतोय. आमची पण सोसायटीच, ऑफिस टिळकवाडीला, शाखा खानापूर, चिक्कोडी आणि तुमच्या निपाणीतही. त्यामुळं तुमची अडचण मला नीट कळते, आणि थोडं सविस्तर लिहितो.

आधी दोन जाती वेगळ्या करा. वेबमिनमधून तुम्ही जी अपडेट्स बसवता, म्हणजे डेटाबेस, कर्नल, प्रिंटिंग, ती एक जात. खुद्द वेबमिनचं अपडेट ही दुसरी. या दुसरीला मी फार जपून हात लावतो. डेटाबेस अडला तर पॅनेलमधून बघता येतं, पण पॅनेलच अडलं तर ज्या हातानं दुरुस्ती करायची तोच हात बांधला जातो. त्यात हे पॅनेल रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकारानं चालतं, म्हणजे तिथली चूक थेट सगळ्या मशीनभर पसरते.

म्हणून पॅनेलचं अपडेट सोडण्याआधी दुसरं दार उघडं आहे का ते बघा. वेबमिन 10000 पोर्टवर असतं, एसएसएच, म्हणजे कमांड देऊन दुरून आत जायची वाट, 22 वर. दुसऱ्या खिडकीत एसएसएचनं आत जाऊन, रूट होऊन बसा आणि मगच अपडेट सुरू करा. ते सेशन शेवटपर्यंत बंद करू नका. शाखेतला सर्व्हर असेल तर तिथल्या माणसाला त्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून ठेवायला सांगा.

हे मी खानापुरात शिकलो. तेव्हा आम्ही दुसरंच एक पॅनेल वापरत होतो. जुलैचा महिना, खानापूरचा पाऊस, रेडिओ लिंक धरसोड करत होती. दुपारी मी बेळगावातून पॅनेलचं अपडेट सोडलं. त्यानं स्वतःची सेटिंगची फाइल नव्यानं लिहिली, कोणत्या पत्त्यांवरून आत येऊ द्यायचं ती यादी रिकामी झाली, आणि फायरवॉलही त्याच पॅनेलकडं असल्यानं एसएसएचसुद्धा बंद. पंचवीस-सव्वीस किलोमीटर मोटारसायकलवर भिजत गेलो. सहाला पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत दारोदारी गोळा करणारे, मशीन घेऊन परत आले, तर दिवसभराची वसुली उतरवायला सर्व्हर नाही. शाखेतल्या लोकांनी रात्री नऊपर्यंत हातानं वहीत लिहून घेतली. एक एजंट बाई लहान मुलीला घेऊन आल्या होत्या, त्या दोन तास बाकावर बसून होत्या. तेव्हापासून दुसरं दार उघडं असल्याची खात्री झाल्याशिवाय मी एकही अपडेट सोडलेलं नाही.

आता टेस्ट मशीन. नवं घेऊ नका. काउंटरवरून काढून ठेवलेला एखादा जुना डेस्कटॉप तुमच्याकडंही असेलच. त्यात 8 जीबी रॅम आणि एक साधी एसएसडी घाला, केव्हीएम (एका मशीनमध्ये आभासी सर्व्हर चालवायची सोय) बसवा आणि कालच्या रात्रीचा बॅकअप त्यावर रिस्टोअर करा. यातून दुसरी गोष्टही साधते: बॅकअप खरंच परत येतो की नाही हे दर महिन्याला कळतं. मला विचाराल तर नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा हे करावं.

फक्त त्या मशीनला बाहेरचं नेट देऊ नका, आणि चालू करण्याआधी एसएमएसची सेटिंग काढून टाका. ती प्रत खऱ्या सर्व्हरचीच असते, तिला आपण टेस्टमध्ये आहोत हे कळत नाही. खोटी एन्ट्री केली आणि सभासदाला ‘आपल्या खात्यातून रक्कम वजा झाली’ असा मेसेज गेला, तर सकाळी शटर वर जायच्या आधी दारात माणसं उभी राहतील. काम झालं की ती प्रत पुसा, कारण त्यात लोकांच्या खात्यांची माहिती आहे.

तपासायचं काय, याची यादी तुमच्या वहीतून निघाली पाहिजे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी त्यांच्या बाजूनं चाचण्या केलेल्या असतात, पण मराठी पावती आणि कन्नड पासबुक एकाच प्रिंटरवरून काढणारी सोसायटी त्यांच्या यादीत नसते. माझ्या यादीत लॉगिन, रात्रीचा ठरलेला जॉब, बॅकअप, पिग्मीची फाइल उतरवणं हे आहेच. पण सर्वांत वर आहे ‘दुसऱ्या हप्त्याची रक्कम’ असं लिहिलेली एक पावती.

ती तिथं कशी आली ते सांगतो. एका साध्या देखभालीच्या अपडेटनंतर सगळं हिरवं दिसत होतं. मी मंजूर करणार, तेवढ्यात आमच्या कॅशिअर अक्का प्रिंट हातात घेऊन आल्या. ‘सर, हे दुसर्‍याचं असं का आलंय?’ कागदावर ‘दुसर्या’ छापलं होतं, र य च्या डोक्यावर चढून बसलेला. आमच्या जुन्या डेटामध्ये हे ऱ्या र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य असं साठवलेलं होतं. नव्या व्हर्जनमध्ये छपाईला जाताना ते न दिसणारं चिन्ह गाळलं जात होतं, आणि ते गेलं की संगणक त्याचा रफार करतो. एररचा एक शब्द लॉगमध्ये नव्हता. माझ्या स्क्रीनवरून मला ते कधीच दिसलं नसतं. आता त्या पावतीच्या जोडीला एक कन्नड जोडाक्षरांची पावतीही असते.

तशीच एक नावाची शोध-चाचणी ठेवा. सेंटओएस 7 या लिनक्सची मुदत 30 जून 2024 ला संपली, तेव्हा आम्हाला पुढच्या पिढीवर जावं लागलं. जीलिबसी या मूळ लायब्ररीत 2.28 व्हर्जनपासून, म्हणजे 2018 पासून, अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदललेत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जुन्या फाइली तशाच नव्या सिस्टिमवर नेल्या तर जुन्या क्रमानं बांधलेले इंडेक्स (शोधायच्या याद्या) चुकतात: नाव टेबलमध्ये असतं, पण शोधलं तर सापडत नाही. उपाय सोपा आहे, इंडेक्स नव्यानं बांधायचे. पण आधी कळायला हवं. आमच्या यादीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही नावं आहेत, म्हणून प्रत्येक लिपीतलं एकेक नाव शोधून बघतो.

वेळही लिहून ठेवा. लॉगिनला किती सेकंद, दिवसअखेरीच्या रिपोर्टला किती, अपडेटच्या आधी आणि नंतर. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली आवळायच्या लायब्ररीतलं चोरदार पकडलं गेलं ते आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकल्यामुळं. आधी किती लागत होता हे ठाऊक असेल तरच असा फरक खटकतो.

आणि टेस्ट मशीन एकदा पूर्ण बंद करून चालू करा. कित्येक सर्व्हर वर्षभर रीस्टार्ट झालेले नसतात. हातानं कधीतरी सुरू केलेली एखादी सर्व्हिस वीज गेल्यावर उठत नाही आणि आपण उगाच अपडेटला दोष देतो.

आता मंजुरी. ज्यानं तपासलं त्यानंच मंजूर करू नये, हे माझं ठाम मत आहे. तुम्ही एकटे आहात हे खरं, पण सोसायटीत तुम्ही एकटे नाही. टेस्ट मशीनवर कॅशिअरला अर्धा तास बसवा, त्यांचं रोजचं काम करू द्या आणि सही त्यांची घ्या. रजिस्टरमध्ये एक ओळ पुरते: तारीख, कोणतं व्हर्जन, काय बघितलं, मागं कसं यायचं, सही. सेक्रेटरींना मंजुरी मागताना ‘अपडेट करू का?’ असं विचारू नका, त्याला नाही म्हणणं सोपं असतं. ‘हे तपासलंय, अक्कांची सही आहे, बिघडलं तर वीस मिनिटांत कालच्यावर येतो’ असं सांगा. मागं यायची वीस मिनिटं आधी टेस्ट मशीनवर घड्याळ लावून मोजलेली असू देत. स्नॅपशॉटवरून, म्हणजे अपडेटआधी घेतलेल्या प्रतीवरून, परत आलात तर त्यानंतर झालेल्या एन्ट्री जातात, म्हणून वेळ नेहमी पिग्मी उतरल्यावर आणि दिवस बंद केल्यावरची.

मंजूर झालं तरी आठही सर्व्हरवर एकदम सोडू नका. पहिला तो, जो तुमच्या खुर्चीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तो दोन दिवस नीट चालला की बाकीचे, आणि लांबचा सर्वांत शेवटी. मार्चअखेर आणि उसाची बिलं पडायचे दिवस मी पूर्ण मोकळे ठेवतो, तेव्हा फक्त तातडीची सुरक्षा अपडेट्स.

तुमच्या मंजुरीला वळसा घालून काय येतं तेही आजच बघा. उबंटू सर्व्हरवर सुरक्षा अपडेट्स आपोआप बसवायची सोय मुळातच चालू असते, आणि वेबमिनच्या पॅकेज अपडेटच्या पानावरही कुणी आधी वेळापत्रक लावून ठेवलेलं असू शकतं. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलमुळं सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. ज्यांनी मुद्दाम एक व्हर्जन मागं राहायचं ठरवलं होतं त्यांच्याकडंही ती फाइल पोचली, कारण तो नियम त्या प्रकारच्या अपडेटला लागूच नव्हता.

सेक्रेटरींच्या ‘चालू दे’ला उत्तर म्हणून दोन तारखा सांगा. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस 12 मे 2017 ला पसरला, आणि ज्या खिंडारातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट 14 मार्चलाच आलेलं होतं. दुसरं उदाहरण तर वेबमिनचंच. एप्रिल 2018 मध्ये त्यांच्या बिल्ड सर्व्हरमध्ये (जिथं नवं व्हर्जन तयार होतं) कुणीतरी घुसून पासवर्ड बदलायच्या फाइलमध्ये चोरवाट घातली. 1.890 व्हर्जन तर जसं बसवलं तसंच उघडं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये 1.930 आलं तेव्हा ते मिटलं. ही गोष्ट तुमच्या-माझ्या कुठल्याही चाचणीत सापडली नसती, पावती नीटच छापली गेली असती. म्हणून 10000 पोर्ट बाहेरच्या नेटला कधीही उघडं ठेवू नका, फक्त ऑफिसच्या नेटवर्कमधून किंवा व्हीपीएनमधून. माझ्याकडं साधं अपडेट सात-आठ दिवस तपासणीत असतं. पण रूटपर्यंत पोचणारी, बाहेरून वापरता येणारी फट असेल तर त्याच संध्याकाळी, छोटी यादी तपासून.

शेवटचं, आणि हे मला मनापासून वाटतं. सापडलेली चूक आपल्या वहीत ठेवू नका. फेडोरा या लिनक्समध्ये बोधी नावाची व्यवस्था आहे, तिथं टेस्टिंगमधल्या अपडेटला कुणीही वापरून बघून अधिक एक किंवा वजा एक देऊ शकतो, आणि त्यावर ते पुढं जायचं की थांबायचं हे ठरायला मदत होते. उबंटूमध्ये अपडेट निदान सात दिवस प्रस्तावित म्हणून थांबतं आणि ‘तपासलं’ अशी नोंद झाल्याशिवाय सहसा पुढं जात नाही. ‘ऱ्या’ची तक्रार मी फोटो आणि अक्षरांच्या क्रमासकट लिहून पाठवली होती. आपल्या अक्षरांची तक्रार आपणच केली नाही तर ती कोण करणार?

येत्या शनिवारी बाकी काही न करता फक्त जुन्या डेस्कटॉपवर बॅकअप रिस्टोअर करून बघा. कुठं अडलं तर एरर जशीच्या तशी खाली कमेंटमध्ये टाका, आणि उबंटू आहे की दुसरं काही, तेही लिहा.