जर्मनीला निघालास ना, मग कुंदा घरीच ठेव

बाळा, आईला आधी सांग, बॅगेत कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, भरू नको म्हणावं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. कस्टम्सवाल्यांनी धरलं तर सगळा कचऱ्यात. ताजा कढीपत्ताही नको. शेंगाची चटणी, मेतकूट मात्र खुशाल ने.

घर बघताना एकच गोष्ट पक्की कर. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते, आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. 'नोंदणी जमणार नाही' म्हणणारा मालक भेटला की भाडं कितीही कमी असू दे, सरळ उठून ये. पुढे बँक, व्हिसा, सगळीकडे त्या नोंदीचाच दाखला मागतात. नोंद झाली की टपालाने रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. जाहिरात समजून फाडू नको! टीव्ही नसला तरी घरामागे दरमहा 18.36 युरो भरायचेच, पण एका घरात चौघं असलात तरी एकदाच.

आपल्याकडचा एक घोळ वेगळाच. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर गावाचं नाव बेळगावी झालं, त्याआधीच्या दाखल्यांवर बेळगाव. दोन्ही एकच गाव, हे तिथल्या कारकुनाला कुठून कळणार? तसं दाखवणारा कागद इथूनच घेऊन जा.

रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच आण. आणि कुणाकडे जायचं तर आधी फोन कर. आपल्यासारखं दार ढकलून 'काकू, चहा टाका' तिथे चालत नाही.