कपाटातलं ध्वनिमापक यंत्र

प्रश्न : नमस्कार ताई. मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन ध्वनिमापक यंत्रं आली. विसर्जनाच्या दिवशी ती बाहेर निघतात, आम्ही आकडे लिहून घेतो, की परत कपाटात. आता मुख्याधिकारी साहेबांनी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं मनावर घेतलंय. एक संस्था एका दिवसाची कार्यशाळा घ्यायला तयार आहे. त्यांना काय शिकवायला सांगू? आणि कारवाई तर पोलीसच करतात, मग आम्ही शिकून उपयोग काय?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मला प्रत्येक नगरपरिषदेत ऐकू येतो. लाउडस्पीकरची परवानगी आणि तक्रारीवरची कारवाई जिल्हाधिकारी आणि पोलीस अधिकाऱ्यांकडे असते, हे खरं. पण २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम काढा आणि नियम ३ चा चौथा उपनियम वाचा. विकासाचं कोणतंही काम आखताना आवाजाचा विचार स्थानिक स्वराज्य संस्थांनी केलाच पाहिजे, असं तिथं लिहिलंय. बसथांबा कुठे हलवायचा, मंगल कार्यालयाला बांधकाम परवानगी देताना जनरेटर कोणत्या बाजूला ठेवायला सांगायचा, घंटागाडीचं गाणं कुठे बंद करायचं, हे पोलीस ठरवत नाहीत. तुम्ही ठरवता.

आता शिकायचं काय? माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रसूतिगृहाबाहेर मी रात्रभर मापन केलं. सरासरी ५४ डेसिबल आली. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. अहवालात मी ‘वाहतुकीचा आवाज’ असं लिहून मोकळी झाले. सकाळी यंत्र आवरताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘मॅडम, ट्रकचं काही नाही हो, त्याची सवय झालीय. ते चेंबरचं झाकण तेवढं बघा. गाडी गेली की धाडकन वाजतं आणि सगळी बाळं एकदम दचकतात.’’ अर्ध्या सेकंदाचा तो दणका रात्रभराच्या सरासरीत जेमतेम दिसतो. कमाल पातळीच्या रकान्यात तो होता, पण मी तो रकाना पाहिलाच नव्हता, आणि सिस्टरांना तर काही विचारलंच नव्हतं. गवंड्यानं झाकणाची चौकट पुन्हा बसवली आणि आवाज थांबला. त्या एका सकाळी मी जे शिकले, ते आधीच्या कोणत्याही प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

म्हणून संस्थेला सांगा, सभागृहात अर्धाच दिवस. तेवढ्यात यंत्र हातात धरून शिकवा : मापनाच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर, म्हणजे ठरावीक आवाज काढणाऱ्या उपकरणावर, यंत्राची तपासणी, माइकवर स्पंजचं टोपण, भिंतीपासून लांब उभं राहणं. डेसिबलची बेरीजही शिकवा. ६० चे दोन जनरेटर शेजारी चालले तर १२० नव्हे, ६३ होतात. म्हणजे एक बंद केला तर आकडा तीननंच उतरेल, हे तक्रारदाराला समजावून सांगता आलं पाहिजे.

आणि यंत्र ज्या दोन पट्ट्यांवर आवाज मोजतं, त्या ए व सी मापनपट्ट्यांतला फरक. यावर वेळ घालवाच. कायद्यातली मर्यादा ए पट्टीतली आहे, नोंदही तीच हवी. पण ६३ हर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणजे खालच्या सुरातला, डीजेचा छातीत धडधडणारा आवाज ए पट्टी तब्बल २६ डेसिबलनं कमी दाखवते. सी पट्टी एकानंही नाही. दोन्ही आकडे लिहिलेत तर खिडक्या लावूनही भांडी का थरथरतात, ते कागदावर दिसेल. तक्रार करणाऱ्या आजी उगाच कुरकुर करत नाहीत, हे त्यांच्या घरच्यांनाही कळेल.

उरलेला अर्धा दिवस चालायचं. गप्प राहून, गावातून, मोबाइल खिशात ठेवून. सणाचा दिवस नको, साधा मंगळवार बरा. शाळेपाशी, भाजीमंडईत, ग्रामीण रुग्णालयासमोर, नदीघाटावर पाच-पाच मिनिटं थांबायचं, काय ऐकू येतं आणि त्यातलं काय हवंसं वाटतं ते लिहायचं, तिथल्या माणसांना विचारायचं. याला साउंडस्केप म्हणतात. मी ध्वनिपरिसर म्हणते. माणसांना तो परिसर कसा ऐकू येतो, कसा जाणवतो, हे त्यात धरलंय. २०१४ पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि वेल्सनं तर २०२४ मध्ये हवेच्या गुणवत्तेबरोबर त्याचाही कायदा केला. घाटावरचा पाण्याचा आणि पहाटेचा पाखरांचा आवाज राखणं हेही नगरपरिषदेचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. तिथं पंपघर बांधून झाल्यावर ते सुचून उपयोग नाही.

प्रशिक्षणाला एकट्या आरोग्य विभागाला बसवू नका. बांधकाम अभियंता, नगररचना सहायक आणि घंटागाडीचे मुकादम हवेतच. प्रत्येक कामासाठी दोघं तयार करा, कारण बदली झाली की शिकलेलं माणसाबरोबर निघून जातं. मापनाची वही मात्र कार्यालयातच राहू द्या.

आणि संस्थेला होकार देण्याआधी कपाट उघडून पाहा : यंत्रांबरोबर कॅलिब्रेटर आला होता का? नसेल तर आधी त्याची मागणी टाका, कार्यशाळा महिनाभर पुढे गेली तरी चालेल.