ब्राझीलमध्ये तुपी लोक असताना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम का आणले?

"स्थानिक लोक नाजूक होते, त्यांना मळ्यातलं काम झेपेना, म्हणून आफ्रिकन आणले, हे खरं का?" असा प्रश्न आहे. हे बरेच जण सांगतात, पण ती मूळ मळेवाल्यांची सबब आहे.

१५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल भारताकडे निघालेला असताना ब्राझीलमधल्या आजच्या बाहिया प्रांताच्या किनाऱ्याला लागला. पहिली तीसेक वर्षं धंदा होता तो रंगाच्या लाकडाचा. किनाऱ्यावरच्या स्थानिक तुपी लोकांतले पुरुष झाडं तोडून ओंडके किनाऱ्यावर आणून देत आणि लोखंडी कुऱ्हाडी, सुऱ्या घेत. एवढं अवजड काम करणारे नाजूक कसे? (आपला 'काजू' हा शब्दही तुपींचाच, पोर्तुगीजांमार्फत आलेला.)

ऊस आला आणि गणित बदललं. कुऱ्हाड मिळाल्यावर रोज कोण राबणार? त्यात तुपींमध्ये लावणी-कापणी बायकांकडे, त्यामुळे पुरुष मळ्यात उतरेनात. मग धरपकड सुरू झाली. १५६२-६३ मध्ये बाहियात देवीची साथ आली. जेझुइट या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी अनेक गावं उठवून माणसं एकेका वस्तीत दाटीनं आणून ठेवली होती, त्या वस्त्यांत साथ वणव्यासारखी पसरली. जे वाचले त्यांना रान पाठ होतं, ते पळत. १५७० मध्ये पोर्तुगालच्या राजानं त्यांना गुलाम करायला बंदी घातली, पण 'न्याय्य युद्धात', म्हणजे पोर्तुगीजांनी रास्त ठरवलेल्या लढाईत, धरलेले वगळून. ही पळवाट मळेवाल्यांनी पुरेपूर वापरली.

दरम्यान १५७० च्या दशकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचं लुआंडा हे बंदर वसलं आणि अंगोलातून माणसांचा पुरवठा बांधला गेला. बाहियातल्या सेर्जिपे साखरमळ्यावरच्या गुलामांत १५७२ मध्ये आफ्रिकन ७ टक्के होते, १५९१ मध्ये ३७ टक्के. १६३८ पर्यंत तिथले सगळेच गुलाम आफ्रिकन किंवा त्यांच्या वंशातले होते.

काम कसं होतं ते गुऱ्हाळ पाहिलेल्याला लगेच कळेल. तोडलेला ऊस दोन दिवसांत आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रभर फिरे, आणि बाहियातला हंगाम आठ-नऊ महिन्यांचा. तीन उभ्या लाटांमध्ये ऊस सारण्याचं काम बहुधा बायकांकडे. पेंगत्या हाताची बोटं उसाबरोबर आत गेली की चरक थांबेपर्यंत दंड ओढला जाई. म्हणून शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, हात तोडून जीव वाचवायला. पुढे काहिलींवर उकळता रस ढवळणं, मळी काढणं. तिथे भाजण्याची भीती. माणूस मेला की मालक मूल वाढण्याची वाट पाहत नसे, बंदरावर दुसरा विकत घेई, तोही शक्यतो तरुण पुरुष. म्हणून ब्राझीलकडे निघालेल्या जहाजांवर सुमारे ५५ लाख माणसं चढवली गेली आणि ४८ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. गुलामगिरी उठली ती १३ मे १८८८ ला.

आणि आफ्रिकन निमूट राहिले असंही नाही. आजच्या आलागोआसच्या डोंगरांत पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस ही स्वतंत्र वसाहत उभी केली, त्यात स्थानिक लोकही राहत. ती जवळपास शतकभर टिकली. १६९४ मध्ये साओ पाउलोच्या टोळ्या आणून पोर्तुगीजांनी ती पाडली. तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ ला मारला गेला आणि त्याचं शिर रेसिफेत लोकांना दिसेल असं टांगलं.