आधी न्यूट्रिनो, मग झगमगाट
ताऱ्यांच्या मृत्यूचा अभ्यास सुरू करताना थेट कृष्णविवरांकडे धाव घ्यावीशी वाटते, कळतं मला. पण आधी तारा कोसळतो कसा ते नीट समजून घे. मोठ्या ताऱ्याच्या लोहाच्या गाभ्याला संमीलनातून (अणुकेंद्रं एकत्र जुळण्यातून) ऊर्जा मिळत नाही, म्हणून सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापाशी तो सेकंदाच्या आत ढासळतो. सुटलेली जवळपास ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण, घेऊन जातात. डोळे दिपवणारा प्रकाश हा उरलेल्यातलाही चिमूटभर! १९८७ए या सुपरनोव्हाचे (ताऱ्याच्या अशा स्फोटाचे) जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो सापडले, तेही प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी. या एका घटनेला महिना दे, वाया जाणार नाही. मग क्रॅब तेजोमेघ: १०५४ साली दिसलेल्या स्फोटाचा अवशेष, आत सेकंदाला सुमारे ३० वेळा गरगरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेल्या गाभ्याचा उरलेला अतिदाट गोळा. कृष्णविवरं त्यानंतर घे.