क्रँक लेथवर सरळ, केसमध्ये गेल्यावर वाकडा

दादा, तुमची यामाहा आरएक्स 100 बीडच्या डोंगरात नि शेतरस्त्यांवर पळवायला बनवलेली. नवी रॉड किट (कनेक्टिंग रॉड, त्याची पिन आणि बेअरिंग) टाकून दोन महिने होत नाहीत तोच फूटरेस्टवर पायाला मुंग्या आणणारी थरथर, पांढरा धूर आणि पुन्हा तीच खडखड. मिस्त्री म्हणतो किट डुप्लिकेट होती, दुसरी टाकू. किट डुप्लिकेट असूही शकते. पण ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की माझा संशय आधी बसवण्यावर जातो. इंजिन उतरवणं, केसचे (इंजिनच्या खालच्या कवचाचे) दोन हाफ उघडणं तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

मला सगळ्यात महाग पडलेली चूक एकच: लेथवरून सरळ करून आणलेला क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा) हातोडीनं केसमध्ये बसवणं. हा क्रँक अखंड लोखंडाचा नसतो. दोन चकत्या एका पिनवर प्रेसनं घट्ट बसवलेल्या असतात. मध्ये चावी नाही, बोल्ट नाही, फक्त घट्टपणा. एका टोकावर ठोकलं की चकत्यांचं तोंड मिटतं किंवा चकती पिनभोवती किंचित फिरते. डोळ्याला काही दिसत नाही, हातानं फिरवला तर गुळगुळीत फिरतो. मग इंजिन 6-7 हजार आरपीएमला गेलं की दोन्ही टोकं गटांगळ्या खातात, मेन बेअरिंग (क्रँकला दोन्ही बाजूंनी धरणारी) तापतात आणि ऑइल सीलचे ओठ घासून जातात. क्लचकडचं सील गेलं की गिअर ऑइल ओढून पांढरा धूर. मॅग्नेटकडचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाकडचं) गेलं की बाहेरची हवा आत येऊन मिश्रण पातळ, आणि एक दिवस पिस्टन सीझ. या फेऱ्यात बिचारी किट बदनाम होते.

आधी काय मोजायचं ते. क्रँक व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) मेन बेअरिंगच्या जागांवर ठेवा आणि दोन्ही टोकांना डायल गेज लावा, म्हणजे फिरवताना टोक किती डगमगतं ते सुई दाखवते. क्रँकच्या टोकांच्या भोकांत लेथचे सेंटर लावून तपासणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण मॅग्नेट काढताना टोकावर बसलेल्या ठोक्यांनी सेंटरची भोकं चेपलेली असतात आणि डायल खोटं बोलतो. यामाहाच्या बहुतेक टू-स्ट्रोक मॅन्युअलांत या डगमगण्याची हद्द 0.03 मिमीच्या आसपास असते. म्हणजे 0.01 च्या डायलवर पूर्ण फेरीत सुई एकूण तीन घरं हलली, तिथंच थांबायचं. मी दोन घरांच्या पुढे घेत नाही. पाच घरं असतील तर लेथवाल्याला परत द्या, त्याला राग आला तरी. चकती फिरली असेल तर कडेवर पितळी हातोडीनं, तोंड मिटलं असेल तर पाचर मारून आणि उघडलं असेल तर दाबून दुरुस्त होतं. ते काम त्याचं, आपण फक्त सुई बघायची. "झिरो करून दिलंय" म्हणून कागदात गुंडाळून हातात देणाऱ्याकडून एकदा घेऊन बघितलंय. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. तुमच्यासमोर डायल लावायला जो तयार नाही, त्याच्याकडे क्रँक टाकूच नका. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक भागात प्रेस आणि डायल दोन्ही असलेले जॉबवर्कवाले सापडतात. दोनशे रुपये वाचवायला गावातच उरकू नका.

रॉडची बाजूची फट फीलर गेजनं 0.2 ते 0.7 मिमीमध्ये हवी, ती पिन दाबतानाच साधायची असते. दाबण्याआधी दोन्ही चकत्यांच्या कडेवर आडवी रेघ ओढून घ्यायला सांगा, म्हणजे जुळवणं निम्मं सोपं होतं. पिन हातानं किंवा हलक्या दाबानं आत गेली तर चकतीचं भोक सैल झालंय. तिथं पिनेच्या तोंडावर वेल्डिंग मारून देणारे बरेच आहेत. रेसिंगमध्ये सरळ केलेल्या क्रँकवर बारीक टाका मारतात, ते वेगळं. सैल भोकावर वेल्डिंग म्हणजे फक्त झाकपाक, वर उष्णतेनं क्रँक पुन्हा वाकडा. अशा वेळी ओव्हरसाइज पिन किंवा दुसरा क्रँक. टेपर (मॅग्नेट बसतं तो निमुळता भाग) खरवडलेला असेल किंवा बेअरिंगची जागा एवढी झिजली असेल की बेअरिंग तिच्यावर हातानंच घसरतं, तरीही दुसराच. आरएक्स 135 चा स्ट्रोकही (पिस्टनची चाल) 50 मिमीच, म्हणून तो टाका असं लोक सांगतात. पण टेपर, बेअरिंगची मापं आणि पिस्टनप्रमाणे वजन जुळवल्याशिवाय माझ्याकडून होकार नाही.

आता बसवणं. केसचा हाफ ओव्हनमध्ये साधारण 100 अंशांवर तापवा (गॅसची ज्योत नको, केस वेडीवाकडी होते), बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. आपल्या वजनानं खाली बसतं. सी-3 क्लिअरन्सचंच (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त फट असलेलं) बेअरिंग घ्या. मग क्रँक ठोकायचा नाही, ओढायचा. मॅग्नेटकडच्या आट्यांवर जोडनट, त्यात लांब स्टड, आणि बेअरिंगच्या आतल्या रिंगवर टेकेल असा पाइप. नट आवळत न्या, रॉड वरच्या टोकाला धरून ठेवा, नाहीतर केसला अडकतो. लेथवर हे टूल सहज बनतं. दुसरा हाफ लावताना स्क्रू आवळून केस मिटवायची नाही, तोही ठोकण्याचाच प्रकार. अडलं तर तो हाफ तापवा. शेवटी सेंटर करायला रबरी हातोडीच्या दोन टिचक्या, इतपत चालतं.

आणि हे बहुतेक कुणी करत नाही: केस बंद झाल्यावर दोन्ही टोकांना पुन्हा डायल लावा. लेथवर दोन घरं होती आणि इथं सहा दिसली, तर बसवण्यात गडबड झाली. तेव्हाच उघडा. सील दोन्ही नवीन, ओठांना ग्रीस. बिग एंडला (रॉडच्या खालच्या, क्रँक पिनकडच्या बेअरिंगला) मात्र ग्रीस नको, टू-टी ऑइल ओता. सिलिंडर ब्लॉक लावल्यावर हवा आत-बाहेर जाण्याची सगळी तोंडं बंद करून सायकल पंपानं 5-6 पीएसआय हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी. बुडबुडे आले तर सुरू करू नका. पहिल्या टाकीत ऑइल पंप चालू असला तरी पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली ऑइल वेगळं टाका.

एक आडवळणाची गोष्ट. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीचा फुफाटा फिल्टरमधून थेट बिग एंडला जातो. कोरडा फोम काहीच अडवत नाही, फिल्टर ऑइल लावून पिळून बसवा.

मी इंजिनिअर नाही, तुमच्या गाडीचं मॅन्युअल मिळालं तर त्यातलेच आकडे धरा. नवी किट घ्यायच्या आधी आत्ताचा क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही टोकांचं रीडिंग इथं टाका, आणि तो केसमध्ये कशानं बसवला होता ते मिस्त्रीला विचारा.