माळ्यावरचा तंबोरा

प्रश्न असा आहे : "जुन्या, टाकून दिलेल्या वस्तूंमध्ये खरंच काही मौल्यवान सापडतं का? आणि ते ओळखायचं कसं?"

सापडतं. त्यासाठी जुन्या बाजारात हिंडायची गरज नाही, आधी घरचा माळा बघा. आणि काय ठेवायचं, काय काढायचं हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. आमच्याकडे तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून हे एवढं लिहिते आहे.

कऱ्हाडच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर आत्याचा तंबोरा पडून होता. लग्नाआधी ती आठ वर्षं गाणं शिकली. सासरी तंबोरा ठेवायला जागा नव्हती असं घरात सांगतात. मला ते कधीच पटलं नाही, कारण त्याच घरात शिवणयंत्राला जागा झाली होती. तंबोरा माहेरी राहिला. गवसणी उंदरांनी कुरतडली, दोन तारा तुटल्या, भोपळ्याला वीतभर चीर गेली. २०१९ साली घर विकायचं ठरलं तेव्हा दादाने एका हॉटेलवाल्याशी ३,५०० रुपयांत सौदा केला. त्यांना भोपळ्यात दिवा बसवून तो भिंतीवर टांगायचा होता.

मी नाही म्हटलं. दादा म्हणाला, "मोबाईलवर तानपुरा फुकट वाजतो. हे न वाजणारं लाकूड घेऊन तू काय करणार?" आत्या त्या वेळी तिथेच बसली होती आणि काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ दादाने 'चालेल' असा लावला.

दुसऱ्या आठवड्यात तंबोरा चादरीत गुंडाळून मी पॅसेंजरने मिरजेला नेला. मिरजेत तंतुवाद्यं बनवायचं आणि दुरुस्त करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, ती ही घराणी. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबरही याच गावात दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसाला तिथे अजून गाणं होतं.

ज्यांच्याकडे गेले त्या चाचांनी चिरेकडे बघितलंसुद्धा नाही. तंबोरा आडवा धरला, एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर फिरवली. म्हणाले, "दांडी सरळ आहे. मग काही गेलेलं नाही." भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, जाड सालीचा, चीर आतून सांधता येईल. घोडी, म्हणजे भोपळ्यावरची तारा टेकतात ती पट्टी, नवीन बसवा असं मी सांगितलं तर मान हलवून नाही म्हणाले. जुनी घोडी चांगली मुरलेली होती, तारांनी तिच्यावर चर पाडले होते एवढंच.

मग पंधरा दिवसांनी जवारी, म्हणजे तारेची घुमणारी आस, काढायला त्यांनी मला समोर बसवलं. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर निसटती टेकते, म्हणून आवाज नुसता टणकन येत नाही, तो उमलत जातो. चाचा कानशीने दोन हात घासायचे, तार चढवायचे, ऐकायचे, उतरवायचे, पुन्हा घासायचे. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी थांबले. केसभर इकडे आवाज मुका, केसभर तिकडे नुसती खरखर. दुपारी एकला बसलेला माणूस पाचला उठला. सगळे मिळून ६,२०० रुपये झाले.

आत्या तेव्हा ७८ वर्षांची होती. तिच्या खोलीत तंबोरा ठेवला तर दहा मिनिटं तिने हात लावला नाही. मग खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचा सा, लावले आणि छेडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, गंधार बोलतोय."

गंधाराची, म्हणजे 'ग' स्वराची, तार तंबोऱ्याला नसतेच. पण खर्जाची तार नीट लागली आणि जवारी उघडी असली, की तिच्या पाचपट कंपनांचा स्वर आपोआप वर येतो, तो गंधार. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मला तो त्या दिवशी ऐकू आला नाही. आत्याने मला तीन संध्याकाळी जवळ बसवलं, तेव्हा कुठे कानात शिरला, आणि एकदा शिरल्यावर तो ऐकू येत नव्हता हेच खोटं वाटायला लागलं.

तर ओळखायचं कसं? तंबोरा-सतार असेल तर आधी दांडी बघा, वाकली असेल तर वाद्यावर पैसे घालू नका. भोपळ्याची चीर बघून घाबरू नका. स्वतः पॉलिश करू नका, घोडी तर अजिबात घासू नका. पितळेची भांडी, घड्याळं, तबकड्या यांतलं मला कळत नाही, त्यांचं दुसऱ्या कोणी सांगावं. पण कुठलीही वस्तू काढण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला एकदा तरी तोंडाने विचारा. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आमच्या घरात बायकांच्या वस्तू अशाच गेल्या : आजीचं जातं, आईची पेटी, आणि हा तंबोराही गेलाच असता.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक जुना तंबोरा असा निघत नाही. आमची दांडी वाकलेली असती तर दादाचं म्हणणं मान्य करावं लागलं असतं. शिवाय जुनी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असू शकते. त्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, हे विकायला निघालेल्यांनी आधी तपासावं.

दादा अजून म्हणतो की ३,५०० येणार होते तिथे ६,२०० घातले, म्हणजे ९,७०० चं नुकसान. हिशेब बरोबर आहे. पण दादा, तू तो तंबोरा अजून ऐकलेला नाहीस. आत्या रोज सहाच्या सुमारास लावते. ये एकदा, पंखा बंद कर आणि अर्धा तास तिच्याजवळ बस.